अल्फियाचा डावा डोळा

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. बालवाडीत माझ्या शेजारी बसून रोज डबा खाणाऱ्या सुमनताईंनाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका लहानशा बालवाडीत मी एकोणीस वर्षं शिकवते. तीन ते पाच वर्षांची पोरं. आमच्याकडे प्रत्येक मुलाची एक नोंदवही असते. महिन्यातून एकदा त्या मुलाकडे नीट बघायचं — मणी ओवतं का, एका पायावर उड्या मारतं का, चित्रातलं बघून सांगतं का — आणि जे दिसेल ते लिहायचं. माझ्या नोंदवह्यांचं फार कौतुक व्हायचं. अक्षर मोत्यासारखं, एक रकाना रिकामा नाही. मोठ्या बाई नव्या शिक्षिकांना माझ्या वह्या दाखवायच्या.

खरं सांगू? निम्म्या नोंदी मी न बघताच लिहायचे. महिनाअखेरीला एका बैठकीत सव्वीस वह्या. मागच्या महिन्याचं पान उघडायचं, चार शब्द बदलायचे. पोरं तर समोरच असतात दिवसभर — वेगळं काय बघायचंय, असं वाटायचं.

पण माझी चूक एवढीच असती तर मी आज बोलले नसते. एवढं बऱ्याच जणी करतात. माझं वेगळं आहे. मी बघितलं होतं.

अल्फिया चार वर्षांची होती. तिचा बाप गाड्यांची सीट कव्हरं शिवायचा, आई रेश्मा घरी ब्लाउज शिवायची. पोरगी गोड, बडबडी. मणी ओवताना दोरा भोकाच्या बाजूनं जायचा, मग ती मणी पार नाकाशी न्यायची. पुस्तक बघताना मान एका बाजूला कलती करायची. मला ते लाडिक वाटायचं.

डिसेंबरातली एक सकाळ. अंगणात आंधळी कोशिंबीर चालली होती, राज्य अल्फियावर होतं. माझ्याच रुमालानं तिचे डोळे बांधले होते. धावता धावता रुमाल सरकला — उजवा डोळा झाकलेला, डावा उघडा. पोरं ओरडायला लागली, तिला दिसतंय, ती फसवते. मीही हसत पुढे गेले. ती मात्र हात पुढे करून तशीच चाचपडत होती. तिच्यापासून चार पावलांवर तिची मैत्रीण गौरी उभी होती. मी विचारलं, समोर कोण आहे सांग बघू.

"बाई, सगळं पुसलंय," ती म्हणाली.

पाटी पुसल्यावर पोरं म्हणतात ना, तसं.

मी रुमाल काढला, तिला आत नेलं आणि तिच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून बोटं दाखवली. तीन दाखवली, ती पाच म्हणाली. दोन दाखवली, ती पाच म्हणाली. मग माझा हात बाजूला सारून हसली आणि म्हणाली, दोन. तिला तो खेळच वाटला.

तर मला कळलं होतं. शंका नव्हती — कळलं होतं.

त्याच शनिवारी पालकसभा होती. वह्या पालकांपुढे उघडायच्या होत्या, मोठ्या बाई शेजारी बसणार होत्या. आणि अल्फियाच्या वहीत जूनपासून दर महिन्याला माझ्याच अक्षरात लिहिलेलं — नजर आणि हाताचा मेळ उत्तम. आता काय लिहू? डिसेंबरात एकाएकी दिसेनासं झालं? मोठ्या बाईंनी विचारलं असतं, मग सहा महिने तुम्ही काय बघत होता? त्या एका प्रश्नाला मी भ्यायले. दुसरं काही नाही. डिसेंबरच्या रकान्यातही मी उत्तम लिहिलं.

ठरवलं होतं की सभा झाल्यावर रेश्माला बाजूला घेऊन सांगू, एकदा डोळे दाखवून आणा म्हणून. पण तिनंच विचारलं. मोठ्या बाईंच्या देखत.

"बाई, ही टीव्ही बघताना मान वाकडी करती. डोळ्याचं काय असंल का?"

म्हणजे तिला दिसलं होतं. तिच्याकडे ना वही, ना प्रशिक्षण — आणि तिला दिसलं होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं. एक शब्द.

मी म्हणाले, "लहान पोरांना सवय असते हो. जाईल मोठी झाल्यावर." आणि वहीतलं ते पान तिच्यापुढे केलं.

तिनं वाचलं. चेहरा मोकळा झाला तिचा. "तुम्ही रोज बघताय, तुम्हाला कळंलच की," म्हणाली आणि गेली. मोठ्या बाई माझ्याकडे बघून समाधानानं हसल्या.

नंतर सांगता आलं नसतं का? अल्फिया आणखी दीड वर्ष माझ्यासमोर बसत होती. रोज. मी तिला पुढच्या ओळीत बसवायला लागले, तिला मोठे मणी द्यायला लागले — आणि स्वतःला सांगायचे की मी तिची काळजी घेते आहे. तिच्या आईशी मात्र मी डोळ्यांविषयी पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

चार वर्षांनी रेश्मा मला भाजी मंडईत भेटली. शाळेत डोळे तपासले, तेव्हा कळलं म्हणाली. डावा डोळा जन्मापासून अधू, आणि उजव्यावर सगळं चालत राहिल्यामुळं डाव्यानं बघायचंच सोडलं. चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून डाव्याला कामाला लावलं, थोडासा फरक पडला. चौथ्या-पाचव्या वर्षी आणली असती तर बराच सुधारला असता, असं डॉक्टर म्हणाले.

पिशवी खाली ठेवून ती रडायला लागली. माझ्यावर तिचा राग नव्हता, शंकासुद्धा नव्हती.

"मीच कमी पडलो, बाई. मला दिसत हुतं, तरी मी गप बसलो."

आणि मी काय केलं? तिच्या पाठीवर हात फिरवला. म्हणाले, स्वतःला दोष देऊ नका रेश्मा, आईला सगळं कसं कळणार. ती माझा हात धरून किती तरी वेळ उभी राहिली. तुमच्याशी बोलून बरं वाटलं, म्हणाली.

पालकसभेत मी भ्यायले होते. पण मंडईत? तिथं मोठ्या बाई नव्हत्या, वही नव्हती. तिच्या लेकीचा डोळा तर गेलाच होता, आणि त्याचा दोषही मी तिच्याच पदरात राहू दिला.

अल्फिया आता सातवीत आहे. रेश्मा अजून स्वतःलाच बोल लावते, असं सुमनताई परवा सांगत होत्या. मी ऐकून घेतलं आणि डब्याचं झाकण लावलं.

तुम्हाला सांगितलं म्हणजे तिला सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. रेश्माचं घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. मी गेलेले नाही.