ओटीचं माप

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. त्यामुळे गावात कुणाला पाटी रंगवून हवी असली, क्रूसाखाली नाव लिहून हवं असलं, की माणूस माझ्याच दारात यायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वसईच्या आमच्या गावात जुनी कौलारू घरं एकेक करून रिकामी होऊ लागली. मुलं स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये गेली, त्यांच्यामागून म्हातारी माणसं गेली. ही घरं पाडायची की राखायची, यावर दर रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात वाद व्हायचा. मी राखायच्या बाजूचा होतो आणि मला गप्प बसायची सवय नव्हती. कुणी सांगितलं नसताना मी टेप घेऊन निघालो. रिकाम्या घरांची मापं घ्यायची, नकाशे काढायचे आणि यादी सरकारला पाठवायची, असं मी ठरवलं होतं.

पहिलं घर शेजारच्या काकांचं. काका आचोळ्याला मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायचे. रविवारी मिस्सेनंतर येऊन खिडक्या उघडायचे, घरातल्या आल्तारावरची, देवाच्या वेदीवरची, धूळ पुसायचे, आणि संध्याकाळी कुलूप लावून परत जायचे. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. विहिरीच्या काठापासून ओटीच्या पायरीपर्यंत बावीस फूट भरलं.

ओटीवर बसल्यावर ते म्हणाले, "मास्तर, हिला चादरीत गुंडाळून उतरवली रे. पेटी जिन्यात वळलीच नाही."

काकी वर्षापूर्वी फ्लॅटमध्ये वारल्या होत्या. आमच्याकडे मयत घराच्या ओटीवर ठेवतात. फादर तिथे प्रार्थना म्हणतात आणि मग पेटी चर्चकडे निघते. काकींना खाली रस्त्यावर, लोकांच्या स्कूटर बाजूला करून पेटीत ठेवलं होतं.

"मला तसं नको. मी इथूनच जाणार. तुझ्या यादीत हे घर पहिलं घाल, म्हणजे पोरगा विकायचा नाही," काका म्हणाले.

मी पहिलं घातलं.

पुढच्या रविवारी आवारात कुणीतरी विचारलं, यादीत नाव गेलं तर काय होईल? मला माहीत नव्हतं. तसं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण समोर चारचौघं हसत होती आणि माझं डोकं फिरलं. मी वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो, "एकदा यादीत गेलं की साधं कौल बदलायलाही सरकारची परवानगी लागेल." असा कुठलाही कागद मी पाहिलेला नव्हता. हसणारे गप्प झाले आणि मी खुशीत घरी आलो.

वर्षानुवर्षं ज्यांचं ठरत नव्हतं, त्यांचं त्या आठवड्यात ठरलं. परवानगीच्या भानगडीत पडण्याआधी पाडून टाकू, असं घरोघर सुरू झालं. गोखिवऱ्याहून जुनं लाकूड घेणारा टेम्पो घेऊन आला. वासे ठोकून बघत तो म्हणायचा, "साग हाय. पानी नाय लागलेला." त्याचा टेम्पो दिवसाआड दिसू लागला. मी मोजलेलीच घरं आधी गेली.

मग काका आले. रविवार नव्हता, तरी आले.

"मुलगा म्हणतो, सरकार घर ताब्यात घेणार. आता बिल्डरच्या कागदावर सही केली नाही तर काहीच हाती लागणार नाही. तू सांग, मास्तर. खरं आहे का?"

मी थापा मारल्या, एवढं सांगायचं होतं. जास्त काही नाही. पण बायको आत होती, शेजारचे दोघं अंगणात उभे होते, आणि गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी म्हणालो, "नियम येणारच आहे, काका. बघा तुम्ही काय ते." ते पायरी उतरून निघून गेले. सही त्यांनी दुसऱ्या दिवशी केली.

यादी मी पाठवली होती. तिचं उत्तर कधीच आलं नाही. नियमही आला नाही. काकांचं घर पाडून बिल्डरने जागेला पत्र्याचं कुंपण घातलं आणि पुढे काही वर्षं तिथे नुसतं गवत वाढलं. काका पुन्हा कधी गावात दिसले नाहीत. त्यांच्या घरी जाऊन माफी मागावी, असं मला पुष्कळदा वाटलं आणि मी गेलो नाही.

काका वारले त्या दुपारी त्यांचा मुलगा माझ्या दारात आला. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, तुमच्याकडे नकाशा होता ना? ओटी नेमकी कुठे होती, सांगाल का? फादर तिथे प्रार्थना म्हणायला तयार आहेत."

मी टेप काढली. कुंपणाचा एक पत्रा सरकवून आम्ही आत गेलो. टोक त्याने धरलं. विहीर बुजवलेली नव्हती, तिच्या काठापासून गवतातून बावीस फूट मोजले आणि तिथे दोन स्टुलं ठेवली. पेटी आली. फादर यायचे होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी मुलाला विचारलं, खाली कसं आणलंत?

"चादरीत," तो म्हणाला, आणि टेप गुंडाळून माझ्या हातात दिली.