लोणारच्या लढाईचं संगीत

पुंजाजी आमच्या दुसरबीडचा बँडवाला. मी त्याच्या बँडात ढोल बडवतो, म्हणून त्याच्याविषयी वाटेल ते बोलायचा मला हक्क आहे. ट्रम्पेट असा वाजवतो की नवरदेवाचा घोडासुद्धा ठेका धरतो. पण माणूस कायम रुसलेला. आख्खी हयात वाजवण्यात गेली आणि ऐकलं मात्र कोणीच नाही. लोक नाचतात, बोंबलतात, फटाके लावतात, पंगतीकडे पळतात. "एकदा तरी लोकायनं खाली बसून, तोंड बंद ठिवून आपल्याले आयकलं पाह्यजे," हे त्याचं पालुपद.

तो योग आणला त्याच्या भाच्याने. प्रसेनजित बुलढाण्याला कॉलेजात शिकतो आणि शिकण्यापेक्षा सिनेमे जास्त काढतो. या खेपेचा सिनेमा असा: मंगळावरचे यंत्रमानव लोणारचं सरोवर चोरायला येतात आणि गावची पोरं त्यांना झोडपतात. यंत्रमानव कूलरच्या पत्र्याचे, यान भगवानरावांच्या पाण्याच्या टाकीचं. टाकी नेली तेव्हा भगवानराव अंगाला साबण लावून बसले होते, पण कलेसाठी एवढं सोसावं लागतंच.

"मामा, लढाईचं संगीत तुमचं," प्रसेनजित म्हणाला. "मोठ्या पिच्चरसारखं, पन्नास वाद्यं वाजून राह्यली असं वाटलं पाह्यजे. लोक बसून आयकतीन."

'बसून' म्हटल्याबरोबर पुंजाजीने भरलं ताट बाजूला सारलं आणि ट्रम्पेट पुसायला घेतला.

प्रसेनजितने समाजमंदिरात खुर्च्या मांडून आम्हाला रांगेत बसवलं आणि तिथंच वाटोळं झालं. आम्ही जन्मात कधी बसून वाजवलेलं नाही. पाय चालल्याशिवाय आमचा हात चालत नाही. मंगळाची फौज चालून येतेय आणि आवाज निघतोय भजी तळल्याचा!

"उठा बे," पुंजाजी ओरडला. "चालत वाजवू."

मग निघालो रस्त्याने. पुढे प्रसेनजित माईक धरून उलटा चालतोय, मागे आम्ही. गावाला वाटलं वरात. बाया दारात आल्या.

"नवरदेव कुठी हाय?" एका म्हातारीने विचारलं.

"मंगळावरून येऊन राह्यला," मी म्हणालो.

"लय लांबचं स्थळ केलं बाई," ती हळहळली.

संगीत काय रंगलं होतं म्हणून सांगू! ऐन हातघाईची जागा आली आणि बँड एकदम गप्प झाला. कोणी कोणाला खूणसुद्धा केली नाही. मनकर्णाबाईचं घर आलं होतं. तिचे यजमान शेषराव जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि दुःखाच्या दारावरून आमच्याकडे बँड मुक्यानेच जातो. वळण ओलांडल्यावर आधी पुंजाजीचा ट्रम्पेट एकटा उठला, मग आम्ही.

प्रसेनजितने कपाळावर हात मारला. "लढाईच्या मधात मौन काऊन, मामा? दुसऱ्या रस्त्यानं वाजवा."

"तिकडं दवाखाना हाय. तिथंबी बंद करा लागते."

"मग तिसऱ्या?"

"तिकडं शाळा."

शेवटी आहे तसंच सिनेमाला जोडलं.

सिनेमा दाखवला समाजमंदिरातच, महिनाभराने एका रविवारी दुपारी. आख्खं गाव लोटलं, मनकर्णाबाईही आली. लढाई सुरू झाली आणि पोरांनी शिट्ट्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. ट्रम्पेट कोणाला ऐकू जाणार, कप्पाळ! दारापाशी उभ्या पुंजाजीचं तोंड एवढंएवढंसं झालं. मला त्याची फार दया आली.

आणि मग ती जागा आली. पडद्यावर भगवानरावांची टाकी ढगात घिरट्या घालतेय, अंतराळात नुसत्या आमच्या चपला घासतायत. मधेच एक शेळी ओरडली.

मनकर्णाबाई उठून उभी राहिली. "ही माही शेळी हाय. हे माह्यं दार हाय."

पोरांच्या शिट्ट्या तोंडातच राहिल्या. शेषरावांच्या दारापुढून आपणही चाललोय असं सगळ्यांना वाटलं असावं. मंगळाचे यंत्रमानव बिनआवाजी आपटत होते आणि गाव माना खाली घालून बसलं होतं. तेवढ्यात वळणापलीकडून एकटा ट्रम्पेट उठला. मग आम्ही सगळे आलो, टाकी फुटली, लोणार वाचलं, तरी कोणी हाललं नाही.

पुंजाजी घाबरला. "काऊन बे, कोनी नाचून नाही राह्यलं? बिघडलं काय?"

"आयकून राह्यले," मी म्हणालो.

त्याने एकवार सगळ्या माणसांकडे पाहिलं. मग तिथंच दाराशी खाली बसला आणि तोही ऐकू लागला.