चेंडू मागायला शिकवणाऱ्या अंबुजाबाई

अंबुजाबाईंशी माझी ओळख एका चेंडूमुळे झाली, आणि तो चेंडू माझ्या खांद्यावर बसला होता. चेन्नईतल्या मुलींच्या महाविद्यालयात माझा तो पहिलाच आठवडा. वडील बँकेत. साताऱ्याहून त्यांची बदली झाली आणि आम्ही अण्णा नगरमध्ये राहायला आलो. वर्गातल्या मुली तमिळमध्ये बोलत, मी नुसती हसून मान हलवत असे. त्या दिवशी मैदान ओलांडून ग्रंथालयाकडे निघाले असता लोकरीचा एक पिवळा चेंडू येऊन आदळला. लागले फारसे नाही, पण तोंडून "आई गं" निघून गेले. मी चेंडू उचलून परत फेकला. तेवढ्यात मैदानाच्या त्या टोकाहून एक बाई माझ्याकडे चालत आल्या. अंगावर सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट.

"मराठी की तू?" त्यांनी विचारले. "कोण्या गावची?"

"साताऱ्याची."

"आमचं तंजावूर. पुष्कळ पिढ्या झाल्या इकडे येऊन. असं फेकणं कोठे शिकलीस?"

शाळेत खो-खो खेळत होते, पण फेकणे चिंचा पाडून आले, असे मी सांगितले. त्या हसल्या नाहीत. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढेच म्हणाल्या. "उद्या सकाळी साडेसहाला ये. बूट घालून."

अंबुजाबाई आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षिका. आम्ही सगळ्या मुली त्यांना मिस म्हणत असू, आणि त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त लिहितानाही माझ्या लेखणीतून तेच संबोधन येते आहे. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तिच्यावर तमिळचा हेल. पहिल्या दिवशी ती मला नीट कळली नाही. महिनाभरात मात्र त्या शहरात घराबाहेर मला नीट कळणारा तोच एक आवाज झाला.

त्या शिकवत तो खेळ बॉल बॅडमिंटन. तो आमच्या तंजावुरातच जन्मला, असे मिस अभिमानाने सांगत. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की जाळ्याच्या दोन्ही बाजूंना पाच पाच खेळाडू असतात, चेंडू लोकरीचा असतो आणि तो जमिनीला टेकू द्यायचा नसतो. खेळ उघड्यावर चालतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की तो हलका चेंडू हवेतच दिशा बदलतो, आणि आपला वाटणारा चेंडू शेजारणीचा होऊन बसतो. म्हणून या खेळात हाताइतकेच तोंड चालवावे लागते. ज्या मुलीला चेंडू घ्यायचा असेल तिने तो मागायचा, आणि बाकीच्यांना "विडु" म्हणजे "सोड" असे ओरडून सांगायचे. खेळ मला लवकर जमला. मागणे जमत नव्हते. मी मुळात हळू बोलणारी, त्यात परकी भाषा.

दुसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात मी मागच्या फळीत खेळत होते. मध्यभागी आमची कर्णधार सेल्वी होती, उत्तर चेन्नईतल्या एका बसचालकाची मुलगी. आमच्या संघात तिच्या तोडीचे कोणी नव्हते. विद्यापीठाच्या संघात तिची निवड त्या वर्षी ठरल्यासारखीच होती. सामना बरोबरीत असताना एक उंच चेंडू वाऱ्याने भरकटत आम्हा दोघींच्या मध्ये आला. सेल्वी "विडु" म्हणाली. मी ते ऐकले, पण पाय आधीच निघाले होते. माझी रॅकेट तिच्या मनगटावर बसली.

सामना आम्ही हरलो. सेल्वीच्या हाताला प्लास्टर घालावे लागले आणि विद्यापीठाची निवड चाचणी तिच्याशिवाय झाली. मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. परतीच्या बसमध्ये सगळ्या खिडकीबाहेर पाहत होत्या. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "खेळात लागतंच, माधवी." ते खरे होते, आणि त्याचा मला काडीचाही उपयोग झाला नाही.

त्यानंतर मी चेंडू सोडू लागले. जरासाही वाद असलेला चेंडू दिसला की माझे पाय थांबत. मग वाद नसलेलेही सुटू लागले. शेजारच्या मुली माझ्या वाट्याचे चेंडू धावत येऊन घेत आणि काही न बोलता आपल्या जागी परत जात. त्यांचे ते न बोलणे मला सर्वांत जड जाई. आपण या संघावर ओझे आहोत, याची मला खात्रीच पटली. शेवटी एका सकाळी मी मिसना सांगितले की मला खेळ सोडायचा आहे.

मला वाटले, त्या समजूत घालतील. त्या चुन्याने मैदानाच्या रेघा आखत होत्या. रेघ पुरी करून म्हणाल्या, "सरी. सोड. पण उद्या ये, मा. माझ्याजवळ एक माणूस पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपल्या शेजारी बाकावर बसवले. काम एकच. पलीकडून चेंडू उठला की तो जाळे ओलांडायच्या आत, तो कोणाचा, ते नाव घेऊन सांगायचे. बस्स. रॅकेटला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी मी पुटपुटत होते. मिस म्हणाल्या, "मला ऐकू आलं. त्यांना आलं काय?" हळूहळू आवाज वाढला. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, की मी बहुतेक वेळा बरोबर सांगत होते. वारा कोणत्या बाजूचा आहे, कोणाचा उजवा पाय आळशी आहे, समोरची मुलगी मारण्याआधी खांदा कसा वळवते, हे सगळे मला बाकावरून दिसत होते. धावायचे नसल्यामुळे भीतीही नव्हती. काही आठवड्यांनी आतल्या मुली माझ्या आवाजावर हलू लागल्या. सराव संपला की मिस बूट झाडत आणि सगळ्यांना कडलै मिठाई, म्हणजे आपली शेंगदाण्याची चिक्की, वाटत.

त्या वर्षीच्या संघाच्या छायाचित्राची गोष्ट इथे सांगायला हवी. प्रथेप्रमाणे खेळणाऱ्या मुली खुर्च्यांवर आणि राखीव मुली मागे उभ्या असतात. मिस दर वर्षी उलट करत. राखीव मुली खुर्च्यांवर, खेळणाऱ्या मागे. नव्याने आलेल्या प्राचार्यांनी याचे कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या पाचजणींना सगळे ओळखतात. ह्यांनाही कोणी बघायला पाहिजे की नाही?" त्या वर्षी मी खुर्चीवर बसले.

सेल्वीचा हात बरा झाला आणि ती पुन्हा खेळू लागली. माझ्याशी ती बोलत असे, पण कामापुरते. एकदा सराव चालू असताना ती मध्येच थांबली, रॅकेट काखेत धरून बाकाशी आली आणि तमिळमध्ये म्हणाली, "एवढ्या लांबून ओरडतेस, घसा दुखत नाही का? आत येऊन सांग."

मी मिसकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघत्येस?" मिस म्हणाल्या. "कर्णधार ती आहे."

मैदानात परतल्यावर सगळे सुरळीत झाले असे नाही. पहिल्याच सामन्यात मी लागोपाठ चेंडू जाळ्यात मारले. प्रत्येक वेळी बाकाकडे पाहिले, आता आपल्याला बाहेर बोलावतील या अपेक्षेने. मिस गुण लिहिणाऱ्या बाईंशी बोलत संत्रे सोलत होत्या. सामना कसाबसा जिंकल्यावर मी विचारले, "मिस, मला बाहेर का नाही काढलंत?"

"जाळ्यात गेले ते गेले," त्या म्हणाल्या. "पण ओरडून मागून घेतलेस ना? मग मी कशाला उठू?" आणि संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली.

मिसचा संयम आमच्यापुरताच होता असेही नाही. स्पर्धेच्या तोंडावर महाविद्यालयाच्या एका समारंभासाठी आमच्या मैदानावर मांडव उभा राहिला. आम्ही चिडलो. मिसनी कार्यालयात जाऊन भांडण केले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला मैलापूरच्या उंचावरच्या रेल्वे स्थानकाखाली नेले. तिथे तेव्हा भली मोठी जागा रिकामी पडलेली असे. दोन खांबांना जाळे बांधले, खडूने रेघा आखल्या आणि सराव सुरू केला. डोक्यावरून गाडी गेली की कोणाचेच ओरडणे कोणाला ऐकू येत नसे. मिस म्हणाल्या, "चांगलं झालं. आता याहून मोठ्याने." त्या सरावाला येता-जाता लोक थांबत. एक भाजीवाली तर रोज टोपली ठेवून बसे आणि चुकीचा चेंडू कोणी घेतला की जिभेने चुकचुके.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमधली एक आठवण माझी स्वतःची आहे. साताऱ्याला आजी आजारी पडल्या म्हणून आई-बाबांना अचानक जावे लागले. माझी परीक्षा होती. मिस संध्याकाळी आमच्या घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "ती माझ्याकडे राहील. विचारत नाही, सांगत्ये." मैलापूरच्या त्यांच्या घरी मी आठवडाभर राहिले. पहाटे त्या दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी घालत, त्यांचे यजमान रघुनाथराव कॉफी करत. रात्री जेवणात डांगर पच्चडी असे. आमच्याकडे उडदाच्या पिठाचे डांगर करतात त्याचीच ही बहीण, पण नावापुढे तमिळ शब्द लागलेला. आजींची काळजी होती, पण त्या घरात मला एकटे वाटले नाही. परीक्षेच्या दिवशी मिस मला बसपर्यंत पोचवायला आल्या आणि पेपर कसला आहे हे न विचारता पाण्याची बाटली भरली आहे का, तेवढे पाहून गेल्या. आजी बऱ्या झाल्याचे कळले तेव्हा त्यांनी रव्याचा केसरी, म्हणजे आपला शिरा, केला.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा उपान्त्य सामन्यात पोचलो. तिसऱ्या डावात, वारा जोरात असताना, एक चेंडू सेल्वीच्या डोक्यावरून मागे वळू लागला. ती त्यासाठी उलटी धावत होती. मी ओरडले, "विडु." ती जागच्या जागी थांबली. मागे वळूनही पाहिले नाही. मी चेंडू घेतला आणि तो पलीकडच्या रिकाम्या कोपऱ्यात पडला. तो सामना आम्ही जिंकलो. अंतिम सामना हरलो, आणि तो हरण्यासारखाच होता. समोरच्या मुली आमच्यापेक्षा चांगल्या होत्या.

विद्यापीठाच्या संघात सेल्वीची निवड झाली. माझी झाली नाही. ती बातमी आली त्या संध्याकाळी मिस अण्णा नगरला आल्या. आईने साबुदाण्याची खिचडी केली होती. मिसनी ती दोनदा मागून घेतली, कृती विचारून घेतली, बाबांशी त्यांच्या बदलीबद्दल बोलल्या. माझ्या निवडीचा विषयच निघाला नाही. मी आतून फार खट्टू होते, तरी आईला त्या तिसऱ्यांदा खिचडी वाढू देतात की काय, या विचाराने मला हसू यायला लागले होते.

जाताना दारात बूट घालत त्या म्हणाल्या, "वाईट वाटतं आहे ना?"

"हो."

"वाटू दे. सेल्वी तुझ्याहून चांगली खेळते. ते तुलाही ठाऊक आहे." मग फीत बांधून उभ्या राहिल्या. "उद्या साडेसहाला ये. पहिल्या वर्षाच्या पोरी आल्या आहेत. सगळ्या तुझ्यासारख्या मुक्या. त्यांना मागायला कोण शिकवील?"

मी गेले. ते उरलेले वर्ष माझ्या महाविद्यालयीन आयुष्यातले सर्वांत आनंदाचे ठरले. सकाळी नव्या मुलींना बाकावर बसवून मी नावे घ्यायला लावत असे आणि सेल्वी विद्यापीठाच्या सरावाहून येऊन त्यांच्यासमोर मुद्दाम अवघड चेंडू मारत असे. मुली गोंधळल्या की ती हसून मला म्हणे, "तुझ्यापेक्षा बऱ्या आहेत." ती पुढे रेल्वेत नोकरीला लागली, तिथल्या संघाकडूनही खेळली. मी पुण्यात एका शाळेत गणित शिकवते. मागच्या बाकावरची एखादी मुलगी उत्तर येत असूनही गप्प बसते, तेव्हा तिला बोलते करायला किती दिवस लागतात आणि त्या दिवसांत शिक्षकाला किती कमी बोलावे लागते, हे मला ठाऊक आहे. ते मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले गेले नाही.

निवृत्तीनंतरही मिसनी मैदान सोडले नव्हते. गेल्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा कुठे त्या घरी बसल्या. मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. व्यायाम करून घ्यायला एक तरुण मुलगी येते. ती मोजत होती, मिस पाय उचलत होत्या. तिने "पोदुम, पाटी," म्हणजे "पुरे आजी," म्हटल्यावरही मिस थांबल्या नाहीत. एक जादा केला, श्वास घेतला आणि तिला विचारले, "सकाळपासून काही खाल्लंस काय?" ती नाही म्हणाली. मिसनी रघुनाथरावांना हाक मारली, आणि व्यायाम तिथेच थांबवून तिला इडली खाऊ घालण्यात आली. मी समोर बसून ते पाहत होते आणि मनात फार समाधान होते.

या गौरवग्रंथासाठी लिहिते आहे असे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही. थोडक्यात लिही." तेवढे मात्र मला जमलेले नाही, त्याबद्दल त्या रागावतील. पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्या आमच्या मिसना उदंड आयुष्य लाभो. त्यांचा नवा गुडघा जुन्याहून चिवट निघो, रघुनाथरावांच्या हातची कॉफी त्यांना रोज पहाटे गरम मिळो, आणि त्यांच्या दारी येणाऱ्या कोणालाही उपाशी परत न पाठवण्याइतकी ताकद त्यांच्या अंगात शेवटपर्यंत राहो. आम्हा सगळ्यांना अजून पुष्कळ वर्षे त्यांच्याकडून रागावून घ्यायचे आहे.