ब्रिजखालची वात

दाताच्या डॉक्टरांवर माझा विश्वास नाही. (तसा तो खत विकणाऱ्यावर, कापूस तोलणाऱ्यावर आणि पावसाचा अंदाज सांगणाऱ्यावरही नाही, पण ते निदान तोंडात हात घालत नाहीत.)

माझी दाढ गेली एक, आणि आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी काम काढलं तीन दातांचं! शेजारचे दोन धडधाकट दात तासून त्यांवर खोट्या टोप्या चढवल्या, त्यांच्या आधारानं मधे खोटी दाढ बसवली आणि त्या तिघांना मिळून 'ब्रिज' म्हणाल्या. तोही सध्या कच्चा चिकटवलेला, पक्का पुढच्या खेपेला. म्हणजे आणखी एक खेप!

"अंकल, कडक कुछ मत तोडना. और रोज ब्रिज के नीचे से ये धागा फिराना, तो बरसों चलेगा." बाईंनी धाग्याच्या डबीकडे बोट दाखवलं. डबी त्यांच्याच टेबलावर, विकायला! मी समजायचं ते समजलो.

"घ्या ना बाबा," माझी मुलगी रेणुका म्हणाली.

"घरात आढ्यापर्यंत कापूस, अन् मी दोरा इकत घेऊ काय?"

कापूस खरंच आढ्याला टेकला होता. भाव चढेल या संशयावर मी तो विकला नव्हता. त्याच ढिगाशेजारी सतरंजी टाकून त्या रविवारी पाहुणे बसणार होते. रेणुकाला किनवटकडचं स्थळ आलं होतं. मुलगा मास्तर आणि रेणुकाच्या मनात भरलेला. (ती बोलली नव्हती, पण त्याचा विषय निघाला की भाकरी करपायची.) मुलाचे वडील मारोतराव यांची अट एकच: सोयरिकीच्या घरात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, नको. त्यांचा धाकटा भाऊ खर्ऱ्यापायी तोंडाच्या आजारानं गेला होता. मी तर सुपारीसुद्धा खात नाही, म्हणून निर्धास्त होतो.

रविवारी सकाळी अंबाडीची भाजी खाल्ली आणि तिचा एक धागा नेमका ब्रिजखाली अडकला. पाहुण्यांसमोर स्वच्छ तोंडानं बसावं म्हणून मी देवघरातून बायकोनं, शोभानं, वळलेली एक लांब वात उचलली आणि कडुलिंबाच्या काडीनं ब्रिजखाली सारली. अर्धी गेली. मग हलेना. ओला कापूस दडपला की कसा गच्च बसतो, हे जन्मभर गठोडी बांधणाऱ्या मला तेव्हा आठवलं नाही! ओढली, तर अख्खा ब्रिज डुगडुगला.

"काय करून राह्यले वो तुमी?" शोभानं विचारलं.

"काई नाई."

तेवढ्यात दारात पाहुण्यांची जीप थांबली. मी वातीचं उरलेलं टोक गालात कोंबलं आणि पुढे झालो.

"या जी, बथा!"

मारोतरावांची नजर माझ्या फुगलेल्या गालावर गेली आणि तिथंच बसली.

"औंदा कापूस बरा दिसते, भाऊ."

"हूं."

"कवा इकायला काढता मंग?"

"हूं."

"बोलून काऊन नाई राह्यले?"

तोंडात लाळ मावेना, म्हणून मी उठून अंगणात थुंकून आलो. झालं! खर्रा खाणारा नेमका असाच उठतो. मी आत आलो, तसे मारोतराव 'हवा खायला' म्हणून बाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं. ते वाकून माझी थुंकी तपासत होते! लाल नाही हे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडावा ना? तर चेहरा आणखीच पडला. बिनरंगाचा नवीन काही प्रकार निघाला असावा, असा त्यांचा संशय असणार. (मलाही हाच आला असता.)

स्वयंपाकघराच्या दारात शोभानं मला गाठलं. "खरं सांगा, कवापासून खाऊन राह्यले?"

लग्नाची बायको! तिच्यामागे रेणुका पोह्यांचं ताट धरून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. एका दोऱ्यापायी मी लेकीचं जमत आलेलं लग्न मोडत होतो.

मारोतराव आत आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. "राग नका मानू, भाऊ. माह्या भावानंबी असाच गाल लपोला होता. म्या तवा इचारलं नाई. आज इचारतो. तोंड उघडा."

मी उघडलं.

"हे पांढरं काय हो?"

मी काही सांगायच्या आत त्यांनी ते टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. वात आली. तिच्या टोकाला झोके घेत तीन दात आले! ताट रेणुकाच्या हातून निसटलं आणि पोहे थेट कापसात गेले. मारोतरावांनी ती वात उजेडात धरली, बोटांत पिळून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं,

"कापूस घरचाच काय?"

"घलताच," मी म्हणालो.

मग ते जे हसले, ते डोळे पुसेपर्यंत हसले. "खर्रा नाई! नुसता कंजूषपणा हाय! जमलं आपलं!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ब्रिज पुन्हा बसवला. मी काहीही न विचारता धाग्याची डबी घेतली. (एक नाही, दोन. पुढे भाव वाढवतील, सांगता येत नाही.)

साखरपुड्याला मांडव भरला होता. समईत तेल घालून भटजींनी विचारलं, "वात कुठं आहे?"

दोन्हीकडची सगळी मंडळी माझ्या तोंडाकडे पाहू लागली.