विमलताई आणि यादीत राहिलेलं नाव

माझं आयुष्य कधी बदललं ते मला नेमकं सांगता येतं. गुरुवार होता, दुपारचे साडेतीन वाजले होते. ॲड. विमलताई सोनटक्के यांनी मी लिहून नेलेल्या कागदावर चष्म्याची काडी टेकवली आणि विचारलं, "यात एक नाव कमी आहे. ही अश्विनी कोण?"

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात निवृत्त न्यायाधीश लिहिणार आहेत, मोठमोठे वकील लिहिणार आहेत. त्यांच्या पंगतीत मी कसा, हे आधी सांगतो. संपादकांनी खरं तर ताईंचे मुन्शी रहीमचाचा यांना लेख मागितला होता. चाचा चाळीस वर्षं ताईंची कागदपत्रं सांभाळतात. ते म्हणाले, "आपुन अर्ज लिखते, लेख न्हाई. इस पोरट्याला सांगा. ह्याला बोलायची लय खाज आहे." म्हणून हा मान माझ्याकडे आला. माझं शिक्षण भोकरदनच्या कॉलेजात सेकंड इयरला थांबलं, तेव्हा भाषेत काही खाली-वर झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. मनात जे आहे ते मात्र शंभर टक्के खरं आहे, आणि सध्या ते नुसतं उसळून राह्यलंय.

ताईंची माझी पहिली भेट त्या गुरुवारच्या आधीच्या गुरुवारी झाली. मी लग्नाचे फोटो काढतो. कॉलेज सोडलं ते त्याच्यासाठीच. कॅमेरा, ड्रोन, सगळं हप्त्यावर. दोन सीझन झकास गेले. तिसऱ्या सीझनला एका लग्नात नवरदेवाचे मामा मला चारचौघांत म्हणाले, "ए फोटोवाल्या, तू बँडवाल्यांसोबत शेवटी जेव." माझं डोकं फिरलं. मी तिथंच उभ्या उभ्या कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून टाकलं. अख्खं लग्न! ॲडव्हान्स परत द्यावा लागला, बोभाटा झाला, तारखा रद्द झाल्या, हप्ते थकले. मंग वसुलीवाल्याचा फोन आला, "जेलमधी टाकू." मी पिंपळगाव रेणुकाईहून निघालो, भोकरदनला गाडी बदलली आणि तडक जालन्याला कोर्टासमोर येऊन पहिली दिसली ती वकिलाची पाटी पकडली.

दार ढकलून आत गेलो आणि ओरडलोच, "मला दिवाळखोर व्हायचंय. आजच्या आज!"

टेबलापलीकडे पांढऱ्या साडीतल्या एक बाई शेंगदाणे खात होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "आधी दार लावून घे."

ताईंना ओळखणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असेल. गरिबाची अडचण व्हरांड्यात ऐकू जाता कामा नये, हा त्यांचा नेम. जालना स्वतंत्र जिल्हा झाला नव्हता, जिल्हा कोर्टाच्या कामाला औरंगाबादची एस.टी. धरावी लागायची, तेव्हापासून त्या वकिली करतात. चाचा सांगतात, त्या काळी ऑफिसला दारच नव्हतं, तर ताईंनी पहिल्या फीमधून दार बसवलं, पंखा नंतर.

दर गुरुवारी दुपारी ताई नादारीबद्दल विचारायला येणाऱ्यांना वेळ देतात. फी घेत नाहीत. दिवाळखोर हा शब्द त्यांना आवडत नाही, त्या नादार म्हणतात. त्या दिवशी त्यांनी शेंगदाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "विचार. सगळं विचार. बावळट प्रश्न आधी विचार."

"जेलमधी टाकतेत का?"

"हप्ता थकला म्हणून नाही. चेक दिला होतास का कुणाला?"

"न्हाई."

"छान. चेक परत गेला तर ते प्रकरण वेगळं असतं. आणि कोर्टाचा हुकूम झाल्यावर, पैसे असून जो लपवतो त्याला दिवाणी कैद होऊ शकते. तुझ्याकडे लपवायला काही आहे का?"

"कॅमेरा आहे. मित्राच्या नावावर करून टाकू का?"

ताईंनी पहिल्यांदा मान वर केली. "कर की. मग कोर्ट मागच्या दोन वर्षांतले असले व्यवहार उकरून काढील, तुझा मित्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहील आणि तू लबाड ठरशील. एका दुकानदारानं मला न विचारता स्कूटर मेव्हण्याच्या नावावर केली. स्कूटर गेली आणि मेव्हणा बोलायचा बंद झाला."

"मेव्हणा बोलायचा बंद झाला हा फायदाच हाय," चाचा कोपऱ्यातून म्हणाले.

असं एक एक करून त्यांनी मला सगळं उलगडून सांगितलं. सज्ञान मुलाच्या कर्जाला बाप जबाबदार नाही, त्यानं जामीन म्हणून सही केलेली नसेल तर. सही केली असेल तर मात्र मुलगा सुटला तरी जामीनदार सुटत नाही. कारागिराची अवजारं, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, बायकोचं मंगळसूत्र यांना जप्तीत हात लावता येत नाही. माझा कॅमेरा अवजार आहे असं त्या कोर्टात मांडू शकतात, पण हप्त्यावर घेतलेल्या वस्तूवर फायनान्सवाल्याचा हात आधी पडतो. नवा कायदा आला आहे खरा, पण साध्या माणसाच्या कर्जाचा त्यातला भाग अजून लागू झालेला नाही, म्हणून आपल्याकडे जुन्याच नादारीच्या कायद्यानं जिल्हा कोर्टात अर्ज करावा लागतो. त्यात कर्ज किमान पाचशे रुपये असावं अशी अट आहे. पाचशे! तेवढ्यात आज ड्रोनचं पातं येत न्हाई.

"नादार ठरलो की झालो ना मोकळा?"

"नाही. ठरणं वेगळं, सुटणं वेगळं. सुटकेसाठी पुन्हा अर्ज करायचा. तोवर उधार घेताना समोरच्याला खरं सांगायचं. निवडणूक लढवता येणार नाही."

"मला सरपंच व्हायचं होतं हो ताई."

"गाव सुटकेचा निःश्वास टाकेल," ताई म्हणाल्या आणि मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

माझं काम हातात घेण्याआधी त्यांनी एकच अट घातली, ती मी सर्वांसमोर सांगतो, कारण ताईंचं मोठेपण तिच्यात आहे. त्या म्हणाल्या, "कोर्टाचं नंतर. ज्या मुलीच्या लग्नाचं कार्ड तू पुसलंस तिच्या घरी जा. मामांच्या नाही, तिच्या." मी गेलो. त्या मुलीनं मला पाणी दिलं आणि ती रडली. कार्ड मी संभाजीनगरला नेलं, एका दुकानात थोडे फोटो परत निघाले. मंगलाष्टकांचे नाही निघाले, पण पाठवणीचे निघाले. ते स्वतः नेऊन दिले. त्या दिवशी संध्याकाळी ताईंना फोन करून मी एवढंच म्हणालो, "देऊन आलो." त्या म्हणाल्या, "आता यादी लिही."

आता यादीबद्दल. बाकीचे वकील संगणकावर यादी टाईप करून घेतात. ताईंकडे पक्षकारानं स्वतःच्या हातानं, पेनानं, कुणाकुणाचं देणं आहे ते लिहायचं. नाव, गाव, पत्ता. मग दार लावून ते मोठ्यानं वाचायचं. त्यांचं म्हणणं असं की टाईप करताना माणूस आकडे लपवतो, वाचताना मात्र त्याचा आवाज अडकतो, आणि जिथं आवाज अडकला तिथं त्या बोट ठेवतात. मी यादी वाचली. आवाज कुठंच अडकला न्हाई. मला वाटलं जिंकलो. ताई मात्र माझ्या बँकेचा उतारा आधीच बघून बसल्या होत्या. त्यात अश्विनीकडून आलेल्या पैशांच्या ओळीपुढं लिहिलेलं होतं, "लेन्ससाठी. परत दे नाहीतर बघ."

"ही अश्विनी कोण?"

अश्विनी जालन्यात लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तिचे वडील वडीगोद्रीला हायवेवर हार्डवेअरचं दुकान चालवतात, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तिच्या पहिल्या वर्षाच्या बचतीतून तिनं मला लेन्ससाठी पैसे दिले. आमचं तिच्या घरी कुणालाही माहीत नव्हतं. आणि नादारीच्या अर्जात ज्याचं ज्याचं नाव असतं, त्याच्या त्याच्या घरी कोर्टाची नोटीस जाते. तिचा पत्ता वडीगोद्रीचाच. म्हणजे काय होणार? अण्णा दुकानात पाकीट फोडणार, आत माझं नाव, शेजारी पोरीचं नाव, वर कोर्टाचा शिक्का!

"तिचं नाव टाकायचं न्हाई," मी म्हणालो.

"यादी अपुरी दिली तर अर्ज खोटा होतो."

"मंग तिचे पैसे आधी देऊन टाकतो, ती यादीतच राहत न्हाई."

"बाकीच्यांना टांगून एकालाच दिलेले पैसे कोर्ट परत मागू शकतं. कुणाकडून? तिच्याकडून. तिलाच कोर्टात उभं करायचंय का तुला?"

"मंग मला न्हाई करायचा अर्ज! घाला तो कायदा खड्ड्यात!"

मी उठलो आणि दार असं आपटलं की व्हरांड्यातले दोन वकील उठून उभे राहिले. पंचाहत्तर वर्षांच्या माणसासमोर केलेल्या या वागण्याची मी या ग्रंथात जाहीर माफी मागतो.

स्टँडवर बसलो होतो. तासाभरानं रहीमचाचा धापा टाकत आले. हातात माझी पिशवी. तावातावात तिथंच राहिली होती. "जल्दी निघाला तू," ते म्हणाले, "ताईंनी भाकरी पन टाकली हाय आत. आनि बोलल्या, त्या पोरीला विचार. तिचं नाव हाय, तिला बराबर विचार. तू कोन ठरवनारा?"

पिशवीत खरंच भाकरी आणि ठेचा होता. कोणता वकील असं करतो सांगा!

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या जेवणाच्या सुट्टीत अश्विनीला गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरेल. तिनं डबा झाकून बाजूला सारला.

"म्हणजे तू सगळ्यांची नावं लिहिली. ड्रोनवाल्याचं लिहिलं. टायरवाल्याचं लिहिलं."

"हो."

"आन् माझं न्हाई लिहिलं."

"तुझ्यासाठीच न्हाई लिहिलं ना!"

"मी रात्रपाळ्या करून जमवलेले पैसे होते ते. टायरवाल्याइतकी पण किंमत न्हाई का माझी? नाव लिही. पूर्ण लिही, वडलाचं नाव घालून लिही. आन् अण्णांना सांगायचं तू. मी न्हाई सांगणार. लेन्स मागायला कसा आल्तास, तसाच जा."

मी पळत ताईंच्या ऑफिसला गेलो, जिन्याच्या पायऱ्या तीन तीन चढलो आणि सगळ्यात खाली तिचं नाव लिहिलं. मोठ्यानं वाचलं. आवाज अडकला. ताईंनी यावेळी बोट ठेवलं नाही, खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "अर्ज तयार आहे. पण तू वडीगोद्रीला जाऊन आल्याशिवाय मी तो दाखल करणार नाही. कोर्टाचं पाकीट त्या घरात तुझ्या आधी पोचता कामा नये."

याला तीन आठवडे झाले. दोनदा मी वडीगोद्रीला उतरलो, हायवेच्या पलीकडून दुकान बघितलं आणि पहिल्या गाडीनं परत आलो. ताईंनी एकदाही टोमणा मारला नाही. तेवढ्या वेळात त्यांनी माझ्या दोन फायनान्सवाल्यांना फोन करून व्याज कमी करून घेतलं, त्यातल्या एकाशी तर अर्ध्यावर तडजोड झाली. ताईंकडे अर्जासाठी आलेले कितीतरी जण असेच अर्ज न करता घरी गेलेत, हे चाचांकडून कळलं. माझ्यावेळी मात्र त्या म्हणाल्या, "तुझं एवढ्यानं भागणार नाही. सोमवारी दाखल करू. तोवर बघ."

आज शनिवार आहे. हा लेख मी ताईंच्याच ऑफिसात बसून लिहितोय, कारण घरी लिहायला बसलो की उठतो. ताई आतल्या खोलीत एका शिंपीणबाईंची यादी ऐकत आहेत. बाईंचा आवाज अडकलाय आणि दार बंद असूनही मला ते कळतंय, कारण आतून ताईंचा आवाज आला, "थांब. पाणी पी. मग वाच." मीही एकदा तिथं बसलो होतो. लिहिता लिहिता एकदम कळलं की ताईंवर गौरवलेख लिहायचा आणि त्यांनी सांगितलेलं एकमेव काम करायचं नाही, हे जमणार नाही. मंग लेख खोटा होईल, अपुऱ्या यादीसारखा.

विमलताई, तुम्हाला शंभर वर्षं मिळोत. गुडघे दुखायचे थांबोत, शेंगदाणे चावायला दात राहोत, आणि तुमच्या गुरुवारी कोर्टासमोरच्या या जिन्यावर माझ्यासारखे डोकं फिरलेले लोक चढत राहोत. पुढच्या वर्षी तुमच्या वाढदिवसाचे फोटो मी काढणार. लेन्स कुणाची हे तुम्हाला माहीत आहे.

चाचा आत्ताच डोकावून म्हणाले, "लेख झाला की न्हाई? अंबडमार्गे वडीगोद्रीची गाडी लागली."

झाला, चाचा. यादीची प्रत खिशात घेतली, सगळ्यात खालचं नाव वर येईल अशी घडी घातली. पिशवी या वेळी आठवणीनं खांद्याला लावली. ही ओळ उभ्यानंच लिहितोय. आत बाई अजून वाचत आहेत, म्हणून अण्णांपुढं काय बोलायचं ते मनातल्या मनात म्हणत, चपला हातात घेऊन मी बाहेर पडतो आणि कडीचा आवाज होणार नाही असं दार लावून घेतो.