अर्ध्यावर सोडलेले कोबे

वर्लीन टेटम सातवीत माझी विद्यार्थिनी होती. मधली सुट्टी झाली, मुलं मैदानावर पळाली, तरी हातातलं गणित संपवल्याशिवाय ती उठत नसे. कुणी वही ओढून घेतली की दिवसभर धुमसत राहायची. त्यामुळे आमच्या टोलीडो शहरातल्या एका बांधकाम ठेकेदाराकडची वर्षं तिला इतर कुणापेक्षा जास्त जाचली असणार.

काचेच्या कारखान्यातून तिला कमी केलं, तेव्हा तिने गवंड्यांच्या संघटनेत शिकाऊ म्हणून उमेदवारी धरली. काम कोबा घालायचं. काँक्रीट ओतणं त्यातला सोपा भाग. खरं काम पुढे. वर आलेलं पाणी सुकेपर्यंत थांबायचं, सपाटीसाठी लाकडी रंधा फिरवायचा, पुन्हा थांबायचं, आणि शेवटी फळ्यांवर गुडघे टेकून पोलादी थापीने घोटत घोटत मागे सरकायचं. घाई केली तर पापुद्रे निघतात, उशीर केला तर थापी चालत नाही. पक्का गवंडी व्हायचं तर मुकादमाने सांगावं लागे, की या उमेदवाराने एक तरी कोबा पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः घातला.

वर्लीनने तसा एकही घातला नव्हता, आणि कारण तिच्या हातात नव्हतं.

ठेकेदाराची गावात तीन कामं चालू होती, तिन्ही सरकारी पैशांची. असा पैसा घेतला की काही अटी पाळाव्या लागत. बायकांना आणि काळ्या माणसांना काम द्या, शिकवा, वर चढू द्या. जमेल तिथे बाईला एकटी ठेवू नका, जोडीला दुसरी द्या. कपडे बदलायला वेगळी जागा द्या. कुणी छळत असेल तर थांबवा. हे सगळं तपासायला मिसेस वॉइचिक नावाच्या अधिकारी यायच्या. ठेकेदाराने त्याचा अर्थ सोयीपुरता घेतला होता: अधिकारी येतील त्या दिवशी, त्या जागी, एक बाई दिसली म्हणजे झालं. वर्लीन बाई होती आणि काळीही होती. त्याचं एका माणसात भागत होतं.

म्हणून तपासणीची कुणकुण लागली की ठेकेदाराचा ड्रायव्हर पीट याचा पिकअप भोंगा वाजवत यायचा आणि वर्लीनला असेल तिथून उचलून दुसऱ्या कामावर नेऊन उभी करायचा. धंद्यात ही रीत जुनी होती. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. सकाळी तिने ओतलेला कोबा दुपारी दुसराच कुणी घोटायचा. कामावरचे लोक तिला ‘पाहुणी’ म्हणायचे. ती जेवायची तीही डबा मांडीवर घेऊन, रस्त्याकडे तोंड करून. मक्याच्या पावाचा तुकडा हातात असायचा आणि कान गाडीकडे.

तिचे मुकादम हचिन्स. माणूस तोंडाचा फटकळ, पण खोटं बोलायला जड जाणारा. जुने गवंडी मिस्टर ओझेल त्यांच्या मागे लागले, तेव्हा कुठे इस्पितळाच्या कामावर औषधांची खोली त्यांनी वर्लीनला दिली. “अख्खी तुझी,” म्हणाले. “बिघडली तर तीही तुझीच.”

तिने सकाळी काँक्रीट ओतलं, रंधा फिरवला. घोटायला फळ्या टाकल्या आणि बाहेर भोंगा वाजला.

“चला महाराणी, गाडी दारात आहे,” पीट म्हणाला. “नदीपलीकडे शाळेच्या कामावर वॉइचिक येतायत.”

“कोबा आत्ताच बसतोय, पीट.”

“तो बसू दे, तू ऊठ.”

हचिन्स दाराशी आले. “जा. ओझेल घोटेल.”

“मग तो मिस्टर ओझेलचा कोबा झाला.”

ओझेल दाराबाहेरच्या बादलीवर बसले. “माझे गुडघे गेले आज.”

“सकाळी तर चांगला चालत होतास.”

“सकाळी मलाही तसंच वाटलं होतं.”

हचिन्सनी वर्लीनकडे पाहिलं. “वरून हुकूम आहे, पोरी. गाडीत बसली नाहीस तर उद्या येऊ नकोस.”

तिने थापी ओल्या फडक्याने पुसली आणि पुढचा हात मारला. घरी आई तिच्या पगारावर होती, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. पीट थोडा वेळ दारात घुटमळला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

नदीपलीकडे शाळेच्या कामावरच्या साहेबांची मात्र तारांबळ उडाली. वॉइचिकबाईंनी विचारलं, तुमच्याकडे बायका किती? ते म्हणाले, “एक आहे ना, वर्लीन टेटम. इथलीच. आज जरा इस्पितळावर मदतीला गेलीय.” हेच नाव मागच्या खेपेला इस्पितळावर ‘इथलीच’ म्हणून सांगितलं होतं. बाईंनी तडक गाडी काढली.

त्या येऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा खोली निम्मी घोटून झाली होती.

“मिस टेटम, तुम्ही नक्की कुठल्या कामावर असता?”

वर्लीनने मान वर केली नाही. “आत्ता इथे. बाकीचं विचारायचं तर थापी खाली ठेवेपर्यंत थांबा.”

हचिन्सनी खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत. वर्लीन इंचाइंचाने मागे सरकत दाराशी आली, शेवटचा हात उंबऱ्याबाहेरून मारला आणि उठली. मग भिंतीला टेकून तिने सगळं सांगितलं: पिकअप, भोंगा, अर्ध्यावर सुटलेले कोबे.

बाई हचिन्सकडे वळल्या. “हा कोबा कुणी घातला?”

हचिन्सनी त्या चकचकीत जमिनीकडे पाहिलं. नोकरी त्यांनाही जपायची होती.

“हिने.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून. कुणी बोटही लावलेलं नाही.”

बादलीवरचे ओझेल उठले आणि तरातरा चालत पाणी प्यायला गेले.

ठेकेदाराला नंतर लेखी जाब द्यावा लागला. पिकअपच्या फेऱ्या बंद झाल्या, इस्पितळावर वर्लीनच्या जोडीला आणखी एक मुलगी आली. त्याच हिवाळ्यात संघटनेने वर्लीनला पक्कं केलं. हचिन्सनी तिथे तेच पुन्हा सांगितलं, फक्त जास्त फटकळपणे. त्यांना पुढे त्या ठेकेदाराकडे बढती मिळाली नाही.

आता वर्लीनचे स्वतःचे गुडघे दुखतात. तरी गेल्या आठवड्यात माझ्या दारची पायरी तिनेच घातली. पाणी सुकायची वाट पाहत बसली होती, तेवढ्यात रस्त्यावर कुणीतरी भोंगा वाजवला. ती ताडकन उभी राहिली. गाडी शेजाऱ्यांकडे आली होती. वर्लीन पुन्हा खाली बसली, तरी हात थापीवरच होता.

“बाई, पाय ठेवू नका हं,” म्हणाली. “अजून व्हायचंय.”