छातीवर घे

"डोस्क्यानं न्हाय! छातीवर घे, छातीवर!" मैदानाच्या कडेनं धावत आमचे फुटबॉलचे सर ओरडायचे, आणि चेंडू उंच उडाला की स्वतःचंच डोकं दोन्ही हातांनी झाकायचे.

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर त्यांना खेळताना पाहिलंही असेल. शिवाजी पेठेच्या संघातला तो उंचापुरा बचावपटू. कॉर्नर आला की गॅलरीतून आरोळी उठायची, "लाव डोस्कं!" ते लावायचे. एकदा समोरच्याच्या डोक्यावर आपटून बेशुद्ध पडले, तोंडावर पाणी मारल्यावर उठले आणि पुन्हा खेळले. पेठेत त्याचं कौतुकच झालं.

माझी ओळख नंतरची. मी शाहूवाडीकडच्या ज्या शाळेत मास्तर होतो, तिथं ते मुलींना फुटबॉल शिकवायला आले. भात निघालेल्या खाचरात सराव चालायचा. हेडर, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, मात्र बंद. त्यापायी प्रत्येक सामन्यात आम्ही गोल खायचो. शेवटी मी विचारलंच.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "काल एसटीतनं उतरलो आन् शाळा कुठल्या अंगाला तेच कळंना. डाक्टर म्हणला, डोस्क्याला लई मार बसलाय. पोरींना सांगू नगासा. भ्यातील."

भ्यालो मी. मग रोज एसटीच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून फाट्यावर उभा राहायचो. ते उतरून सरळ शाळेच्या वाटेला लागले, की जीव भांड्यात पडायचा.

तालुक्याच्या सामन्यात आमच्या कप्तान मुलीला राहवलं नाही. तिनं झेप घेतली, समोरच्या मुलीच्या डोक्यावर डोकं आदळलं आणि चेंडू जाळ्यात गेला. मुली नाचायला लागल्या. हे थेट मैदानात घुसले. तिचा चेहरा हातांत धरून विचारत राहिले, "नाव सांग तुझं. गाव सांग. कुणासंगं खेळतोय आपण?"

तिनं सगळं बरोबर सांगितलं. तरी त्यांनी तिला बाहेर बसवलं.

"सर, मला कायबी झालं न्हाय!" ती रडत होती.

"मलाबी तवा कायबी झालं नव्हतं," ते म्हणाले.

तिच्याविना आम्ही हरलो. परतताना गाडीत कुणी त्यांच्याशी बोललं नाही. ते मात्र सारखे मागं वळून ती शुद्धीवर आहे ना ते बघत होते.

पुढच्या हंगामात ते आले नाहीत. मी पेठेतल्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. ते खुर्चीत बसले होते, तब्येतीनं ठणठणीत. मला पाहून अदबीनं उठले.

"या पावणं, बसा की," ते म्हणाले. "कुठनं आलासा?"